खाणीतला क्लब : एका विद्यापीठाची, एका वाघराची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे', 'तर' शक्य तितके कमी केलेत. सगळे काढले असते तर मीच बोललोय असं वाटलं नसतं.

सुरुवात एका स्कोअरने करतो. ३१ ऑगस्ट २००४, माद्रिद. रेआल माद्रिद तेव्हा दरवर्षी आपल्या घरच्या मैदानावर सांतियागो बेर्नाबेउ करंडकाचा एक सामना खेळवायचं. मैत्रीपूर्ण सामना, पण पाहुणा संघ हरायलाच येतो असा साधारण समज. झिदान, फिगो, रोनाल्डो, बेकहॅम यांच्या पगारांची चर्चा जगभर चालायची, तो हा काळ. त्या वर्षीचा पाहुणा संघ मेक्सिकोचा. आणि तो १-० असा जिंकला. गोल इस्राएल कास्त्रोचा.

आता गंमत बघा. या संघाच्या छातीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे, त्या विद्यापीठाची पदवीची वर्षाची फी आहे २० सेंटावो. म्हणजे एका पेसोचा पाचवा भाग. आपल्या हिशेबात रुपयाच्या आसपास. वर्षाची! मी बी.टेक. केलं त्याचं कर्ज फेडायला मला नोकरीची पहिली काही वर्षं लागली, त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तीनदा वाचला.

क्लबचं अधिकृत नाव क्लब युनिव्हर्सिदाद नासिओनाल. सगळे म्हणतात पुमास. विद्यापीठ म्हणजे मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, स्पॅनिश आद्याक्षरांवरून 'उनाम'. आजच्या भागात मला एकच प्रश्न घोळवायचाय : जवळपास फुकट शिकवणारं सरकारी विद्यापीठ व्यावसायिक फुटबॉल क्लब चालवू शकतं का? आणि चालवलाच, तर त्यातलं विद्यापीठ किती उरतं आणि धंदा किती होतो?

लाव्हाच्या दगडाचं स्टेडियम

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला शितले नावाचा छोटा ज्वालामुखी आहे. साधारण सतराशे वर्षांपूर्वी तो फुटला आणि त्याच्या लाव्हाने एक मोठा पट्टा झाकून टाकला. क्विक्विल्को ही जुनी वस्ती त्याखाली गेली. उरलं काळ्या दगडाचं माळरान, त्याला पेद्रेगाल म्हणतात. आपल्या सह्याद्रीत फिरलेल्यांना हा काळा बसाल्ट ओळखीचा वाटेल.

शतकानुशतकं या जागेकडे कुणी फारसं बघत नव्हतं. १९५० च्या आसपास मात्र इथे विद्यापीठाची नवी नगरी उभी राहू लागली. तोवर उनामच्या शाखा शहराच्या जुन्या भागात, वसाहतकाळातल्या वाड्यांमध्ये विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी आणायचं ठरलं. नगरीचं स्टेडियम २० नोव्हेंबर १९५२ ला, क्रांतीच्या वर्धापनदिनी, खुलं झालं. मुख्य वास्तुकार ऑगस्तो पेरेस पालासियोस. त्यांनी स्टेडियम उचलून बांधलं नाही. जमीन उकरली, निघालेली माती-दगड कडेला चढवले आणि बाहेरून तोच काळा दगड लावला. लांबून बघितलं तर ज्वालामुखीचं तोंड वाटतं. क्षमता सुमारे ७० हजार.

बाहेरच्या भिंतीवर दिएगो रिव्हेराने रंगीत नैसर्गिक दगडांचं भित्तिशिल्प केलंय : आई, वडील, मूल, शांतीचं कबूतर, मशाल पेटवणारे खेळाडू, आणि विद्यापीठाच्या बोधचिन्हातले गरुड आणि कोंडोर. त्याला पूर्ण स्टेडियमला वेढा घालायचा होता. पुरा झाला तो फक्त समोरचा भाग. १९५७ मध्ये रिव्हेरा गेला.

रिव्हेराचं नाव आलंय तर एक मिनिट आपल्या माणसासाठी. वर्ध्याला जन्मलेले गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हावर त्यांनी काम केलं. याच रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात खानखोज्यांना रंगवलंय, टेबलाशी बसून भाकरी वाटणारा माणूस म्हणून. शिक्षण म्हणजे भाकरीसारखी सगळ्यांना वाटायची गोष्ट, ही त्या काळच्या मेक्सिकोची धारणा होती. पुमास हा क्लब त्याच धारणेच्या अंगणात जन्मला, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून

क्लबची स्थापना २ ऑगस्ट १९५४ ची. विद्यापीठात फुटबॉल त्याआधीही खेळला जायचाच, पण आता संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. 'पुमास' हे नाव मात्र फुटबॉलमधून आलेलं नाही. ते दिलं विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रोबेर्तो 'तापातियो' मेंदेस यांनी. आपली पोरं पुमासारखी चपळ आणि धीट खेळतात म्हणून. पुमा म्हणजे अमेरिका खंडातलं मोठं रानमांजर. आपल्याकडे नाही, म्हणून शीर्षकात मी वाघरू म्हटलं.

आरोळीही अशीच उसनी. विद्यापीठाची 'गोया' नावाची घोषणा स्टेडियममध्ये हजारो लोक हात उंचावून देतात. तिचं नाव एका थिएटरवरून पडलं असं सांगतात. जुन्या शहरात गोया नावाचं सिनेमागृह होतं आणि तास बुडवून तिकडे पळायचा इशारा म्हणजे ही आरोळी. देशातल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठाची अधिकृत गर्जना म्हणजे मुळात बंक मारायचा कोडवर्ड! मला ही गोष्ट फार आवडते.

आठ वर्षं खालच्या श्रेणीत काढल्यावर १९६२ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत चढला. तेव्हापासून आजतागायत तो खाली उतरलेला नाही. संघातली बरीच मुलं खरोखरचे विद्यार्थी होती. सकाळी लेक्चर, मग सराव. त्यातूनच एन्रिके बोर्हा वर आला. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये वेम्ब्लीवर फ्रान्सविरुद्ध मेक्सिकोचा गोल त्याचाच.

आणि इथेच आपल्या प्रश्नाचा पहिला चटका बसतो. १९६९ मध्ये बोर्हाला क्लब आमेरिकाला विकण्यात आलं, त्याच्या मनाविरुद्ध. क्लब आमेरिका कोण? १९५९ मध्ये टीव्ही उद्योगातले एमिलियो आस्काराग यांनी घेतलेला क्लब. देशाचा टीव्ही ज्यांच्या हातात, तेच मालक. पुढे हा उद्योग तेलेविसा नावाने ओळखला जाऊ लागला. बोर्हा तिकडे जाऊन सलग तीन मोसम लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. विद्यापीठाने घडवलं, टीव्हीवाल्यांनी वापरलं. पुमास-आमेरिका वैराची मुळं शोधायची तर मी इथून सुरुवात करेन.

१९६८

मध्ये एक वर्ष आहे, जे ओलांडून पुढे जाता येत नाही.

१९६८ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोत विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. उनामला १९२९ पासून स्वायत्तता होती. परिसरात सरकारी बंदूक येणार नाही, हा त्यातला अलिखित पण महत्त्वाचा भाग. जुलैच्या शेवटी सैन्याने शहरातल्या एका पूर्वतयारी विद्यालयाचा दरवाजा उडवला. त्यावर रेक्टर, म्हणजे कुलगुरूच म्हणा, हाविएर बारोस सिएरा यांनी विद्यापीठाचा झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि १ ऑगस्टला स्वतः मोर्चाच्या पुढे चालले. एखाद्या सरकारी विद्यापीठाचा प्रमुख सरकारविरुद्धच्या मोर्चाच्या अग्रभागी, हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणा.

१८ सप्टेंबरला सैन्य विद्यापीठनगरीत घुसलं आणि महिनाअखेरपर्यंत तिथेच राहिलं. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर गोळीबार झाला. किती जण मारले गेले, हा आकडा आजही वादात आहे. आणि बरोबर दहा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. कुठे? याच विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये.

ज्या विद्यार्थ्यांचं ते स्टेडियम, त्यांच्यातले कित्येक तुरुंगात होते. बॉब बीमनची ८.९० मीटरची लांब उडी इथलीच. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळे हातमोजे घालून मुठी उंचावल्या, तेही इथेच. जगाला त्या मुठी आठवतात आणि त्या आठवाव्यातच. पण त्या दगडी वाडग्यात आणखी एक शांतता होती, यजमानांची. पुमासचा चाहता 'आमचं स्टेडियम' म्हणतो तेव्हा त्या शब्दाला हेही वजन आहे.

दोन फायनल, तीन विद्यापीठं

सत्तरच्या दशकाच्या मध्यात क्लबचं रूप बदललं. कारभार विद्यापीठाच्या थेट प्रशासनाकडून एका नागरी संस्थेकडे गेला. माजी विद्यार्थी आणि व्यावसायिक मंडळींचं विश्वस्त मंडळ, वर विद्यापीठाचा हात. आपल्या शिक्षण संस्थांच्या भाषेत म्हणायचं तर ट्रस्ट. नवा चेहराही याच सुमारास आला. १९७४ मध्ये मान्वेल 'पाहारितो' आंद्रादे यांनी पुमाचं मुख काढलं. निळ्या जर्सीवर सोनेरी चेहरा, खिशाएवढा नाही, अख्ख्या छातीभर. आजही बघा, फुटबॉलमधल्या सगळ्यात सहज ओळखू येणाऱ्या चिन्हांपैकी ते एक आहे.

१९७५ मध्ये कोपा मेक्सिको जिंकली. आणि १९७७ मध्ये पहिलं लीग विजेतेपद. अंतिम सामन्यात समोर कोण होतं माहितीये? ग्वादालाहारा विद्यापीठाचा संघ! दोन सामन्यांची फायनल. ग्वादालाहारात ०-०, घरी १-०, गोल ब्राझीलच्या काबिन्योचा. हा काबिन्यो म्हणजे मेक्सिकन लीगच्या इतिहासात सर्वाधिक, ३१२ गोल करणारा माणूस.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, पुमास पुन्हा फायनलला. समोर तिग्रेस, म्हणजे नुएव्हो लेओनच्या स्वायत्त विद्यापीठाचा संघ. या वेळी पुमास हरले. पण सलग दोन वर्षं देशाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगचा अंतिम सामना विद्यापीठांमध्येच झाला. दोन्ही सरकारी, दोन्ही पक्षी मास्तरांच्याच टीम. असं दुसरीकडे कुठे घडल्याचं मला तरी सापडलं नाही.

मग आता हे तीन क्लब कुठे आहेत? ग्वादालाहारा विद्यापीठाचा संघ १९९४ मध्ये विकला गेला आणि नाहीसाच झाला. बऱ्याच वर्षांनी नव्याने उभा राहिला, पण तो मान परत आला नाही. तिग्रेस १९९६ पासून सिमेंटच्या महाकाय कंपनीच्या पैशावर चालतात आणि झकास चालतात. नाव विद्यापीठाचं, चेकबुक सिमेंटचं. उरला पुमास. जुन्या पद्धतीच्या जवळ राहिलेला एकटाच.

जुनी पद्धत म्हणजे काय, तर 'कांतेरा'.

कांतेरा

स्पॅनिशमध्ये कांतेरा म्हणजे दगडाची खाण. फुटबॉलमध्ये याच शब्दाचा अर्थ युवा अकादमी. खाणीतून दगड काढून घडवायचा तसा गल्लीतून पोरगा काढून घडवायचा. पुमासच्या बाबतीत ही उपमा राहत नाही, शब्दशः खरी होते, कारण त्यांचं सरावाचं ठिकाण खरोखरच एका जुन्या खाणीत आहे. शहरातल्या रस्त्यांच्या डांबरासाठी इथून वर्षानुवर्षं बसाल्ट काढला. खोदकाम थांबलं तेव्हा तळाला झऱ्याचं पाणी जमून छोटी तळी झाली. आज त्या खाणीचा बराच भाग विद्यापीठाच्या राखीव निसर्गक्षेत्रात आहे. आणि मैदानाच्या कडेला काळ्या दगडाचे उभे कडे.

या खाणीतून काय निघालं त्याची यादी करतो.

पहिला अर्थातच ऊगो सांचेस. १९७६ मध्ये पुमासकडून पदार्पण. १९७८-७९ मध्ये काबिन्यो आणि तो दोघेही २६ गोलांवर, सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ऊगो याच विद्यापीठातून दंतवैद्य झाला! आधी दाढा, मग डिफेंडर. १९८१ च्या फायनलमध्ये पुमासने क्रुस आसुलला दुसऱ्या सामन्यात ४-१ ने हरवून विजेतेपद मिळवलं आणि ऊगो स्पेनला गेला. आधी अतलेतिको, मग रेआल माद्रिद. स्पॅनिश लीगचा सर्वाधिक गोलांचा मान पाच वेळा. १९८९-९० मध्ये ३८ गोल. गोल केला की कोलांटी उडी. ती त्याने जिम्नॅस्ट बहिणीकडून उचललेली.

दुसरा बोरा मिलुतिनोविच. जन्माने सर्ब, पुमासकडून खेळला, मग तिथेच प्रशिक्षक झाला. १९८१ चं विजेतेपद त्याच्याच हाताखाली. पुढे त्याने पाच वेगवेगळ्या देशांना वर्ल्ड कपमध्ये नेलं. त्यातला पहिला मेक्सिको, १९८६, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. त्या स्पर्धेत बल्गेरियाविरुद्ध मान्वेल नेग्रेतेने हवेत आडवा होऊन कात्रीसारखे पाय फिरवत जो गोल मारला, तो यूट्यूबवर बघाच. नेग्रेतेही पुमासच्याच खाणीतला.

नव्वदच्या आसपासचा थर तर भन्नाट होता. क्लाउदियो स्वारेस, मेक्सिकोसाठी १७० हून जास्त सामने. लुइस गार्सिया, आल्बेर्तो गार्सिया आस्पे. आणि होर्हे काम्पोस, तोच तो भडक रंगांच्या जर्सीवाला बुटका गोलकीपर, स्वतःच्या जर्सी स्वतः डिझाइन करायचा. त्याची एक गोष्ट ऐका. सुरुवातीला गोलपोस्टमध्ये त्याच्यापुढे आदोल्फो रिओस होता, जागा मिळेना. म्हणून काम्पोस चक्क फॉरवर्ड खेळला आणि १९८९-९० च्या मोसमात १४ गोल मारले. आमच्या कंपनीत टेस्टिंगला जागा नाही म्हणून कुणी डेव्हलपमेंटला बसावं आणि तिथेही बक्षीस घेऊन जावं, तसं हे.

बोगदा २९

आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग. २६ मे १९८५. लीगची फायनल, दुसरा सामना, पुमास विरुद्ध आमेरिका, विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये. पहिला सामना आसतेका स्टेडियमवर १-१ सुटलेला. विद्यार्थी एकीकडे, टीव्हीवाले दुसरीकडे, म्हणजे सगळं शहर आलं असेल समजा.

स्टेडियम क्षमतेपलीकडे भरलं होतं. तरी बाहेरून लोक येतच होते. प्रेक्षकांना आत नेणाऱ्या बोगद्यांपैकी २९ क्रमांकाच्या बोगद्यात गर्दी अडकली. पुढे जाता येईना, मागून रेटा थांबेना. किमान ८ जण चेंगरून, गुदमरून मेले. त्यात लहान मुलंही होती. कित्येक जखमी झाले.

आणि सामना झाला. पूर्ण झाला. ०-०.

दोन दिवसांनी केरेतारोला निर्णायक तिसरा सामना खेळवला गेला. आमेरिका ३-१ ने जिंकली आणि चर्चा सुरू झाली ती पंचांच्या निर्णयांची. आजही जुने चाहते १९८५ म्हटलं की पंचांवर चिडतात. ते चिडणं मी समजू शकतो. पण मला खटकतं ते हे की पेनल्टी लोकांना मिनिटासकट पाठ असते आणि बोगद्याचा नंबर फार थोड्यांना.

माझ्या कामात एखादी सिस्टिम कोसळली की नंतर बैठक होते : लोड किती होता, दार कुठे अडलं, कुणाला कधी कळलं, कळल्यावर कुणी काय केलं. त्यात कुणाचा जीव गेलेला नसतो, फार तर पेमेंट अडकलेलं असतं. इथे माणसं गेली होती. आणि यजमान कुणी नफेखोर कंत्राटदार नव्हता, विद्यापीठाचं नाव लावणारा क्लब होता. आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर शोधताना विजेतेपदांच्या रकान्याइतकाच हा रकाना महत्त्वाचा आहे. विद्यापीठाचं नाव असणं म्हणजे आपोआप चांगलं असणं नाही. त्या नावाने जबाबदारी वाढते, आणि त्या दिवशी ती पेलली गेली नाही.

फ्री किक आणि दोन डेंटिस्ट

१९८८ मध्ये पुन्हा फायनल, पुन्हा आमेरिका, पुन्हा हार. मग १९९१. पहिल्या सामन्यात आसतेकावर आमेरिका ३-२ ने जिंकली. दुसरा सामना विद्यापीठात. तिथे रिकार्दो 'तूका' फेरेत्तीने लांबून फ्री किक घेतली. ब्राझीलचा हा माणूस तेव्हा कारकिर्दीच्या अगदी शेवटाला. चेंडू सुसाट जाळ्यात. १-०. एकूण ३-३, परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे पुमास विजेते. त्या गोलला आजही 'तूकासो' म्हणतात. सहा वर्षांचा आणि दोन फायनलचा हिशेब एका लाथेत.

तेव्हाचे प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन. तेही पुमासचे जुने खेळाडू. आणि पेशाने? दंतवैद्य! हो, दुसरा डेंटिस्ट. पुढे ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९९४ च्या वर्ल्ड कपला पुमासच्या खाणीतलं निम्मं सामान घेऊन गेले. बाद फेरीत बल्गेरियाविरुद्ध सामना १-१, जादा वेळ, पोरं दमलेली. बाकावर कोण बसलंय? ऊगो सांचेस. अख्खा देश ओरडतोय, ऊगोला आणा. मेहिया बारोन यांनी खेळाडू बदललाच नाही. पेनल्टीवर मेक्सिको बाहेर. एका डेंटिस्टने दुसऱ्या डेंटिस्टला मैदानात उतरवलं नाही, यावर मेक्सिकोत आजही तावातावाने वाद होतात. आपल्याकडे 'सचिनला त्या मॅचला असं करायला नको होतं' चालतं ना, अगदी तसंच.

संप, आणि मग तो माद्रिदचा दिवस

आता सुरुवातीच्या २० सेंटावोंकडे येऊ. १९४८ पासून फी २०० पेसोंवर गोठलेली होती. महागाईने त्या २०० चं मोल संपवलं आणि १९९३ मध्ये मेक्सिकोने चलनातली तीन शून्यं काढली तेव्हा ते झाले २० सेंटावो. १९९९ मध्ये रेक्टर फ्रान्सिस्को बार्नेस यांनी खरीखुरी फी लावायचा प्रस्ताव आणला. विद्यार्थ्यांनी २० एप्रिलला विद्यापीठ बंद पाडलं. नऊ महिन्यांहून जास्त काळ ते बंद राहिलं. ६ फेब्रुवारी २००० ला केंद्रीय पोलिसांनी आत शिरून शेकडो जणांना अटक केली, तेव्हा संप मोडला. रेक्टरना मध्येच जावं लागलं होतं. आणि फीवाढ? झाली नाही.

एवढ्या मोठ्या जखमेनंतर चार वर्षांनी, २००४ मध्ये, ऊगो सांचेस पुमासचा प्रशिक्षक होता. मेक्सिकोत तोवर वर्षाला दोन छोट्या लीग व्हायच्या. पहिली त्याने ग्वादालाहाराच्या चिवासला पेनल्टीवर हरवून जिंकली, दुसरी मोंतेरेयला हरवून. छोट्या स्पर्धा सुरू झाल्यापासून सलग दोन विजेतेपदं तोवर कुणालाच जमली नव्हती. आणि या दोहोंच्या मधोमध आला तो माद्रिदचा ऑगस्ट. रेआलच्या ज्या मैदानावर ऊगोने कोलांट्या मारल्या, तिथे तो आपल्या विद्यापीठाची पोरं घेऊन गेला आणि जिंकून आला. मैत्रीपूर्ण सामना होता, मान्य. पण संपाने दुभंगलेल्या विद्यापीठात संपवाले आणि संपविरोधी यांना त्या वर्षी एका आरोळीत ओरडायला काहीतरी मिळालं, असं मला वाटतं.

त्यानंतर २००९ आणि २०११. एकूण सात विजेतेपदं. आणि मग थांबलं.

सिमेंट विरुद्ध दगड

डिसेंबर २०१५ ची फायनल या सगळ्या गोष्टीचा सारांश आहे. पुमास विरुद्ध तिग्रेस. १९७८ ची तीच दोन विद्यापीठं, फक्त आता तिग्रेसच्या मागे सिमेंट कंपनीचा पैसा आणि पुढे फ्रान्सचा आंद्रे-पिएर जिन्याक. पहिल्या सामन्यात तिग्रेस ३-० ने पुढे. संपलं, असं सगळ्यांनी धरलं. परतीच्या सामन्यात काळ्या दगडाच्या त्या वाडग्यात पुमासने तिन्ही गोल फेडले. जादा वेळेत जिन्याकने एक मारला, शेवटच्या मिनिटांत पुमासने तोही फेडला. ४-४. पेनल्टीवर तिग्रेस जिंकले. पुमासला त्यानंतरही फायनल मिळाली, २०२० मध्ये, तीही उपांत्य फेरीत ०-४ अशी पिछाडी ४-० ने भरून काढून. फायनल मात्र लेओनने नेली.

मग माझं उत्तर काय? विद्यापीठ क्लब चालवू शकतं का? माझ्या मते अर्धं हो. पुमास 'शुद्ध' राहिलेला नाही. जर्सीवर जाहिराती आहेत, परदेशी खेळाडू विकत घेतले जातात, खाणीकडे दुर्लक्ष होतंय ही तक्रार चाहते मोसमामागून मोसम करतात. २०२० पासून मेक्सिकोत श्रेणीतून खाली जाण्याची पद्धतच स्थगित झाली, त्यामुळे नव्या पोरांना खेळवायचा धोका पत्करणं खरं तर सोपं व्हायला हवं होतं. पण तेवढी हिंमत कागदावरच्या नियमातून येत नाही.

तरीही उरलेलं अर्धं छोटं नाही. २०१७ मध्ये महिलांची लीग सुरू झाली, तेव्हापासून पुमासच्या मुली त्याच निळ्या-सोनेरी जर्सीत खेळतायत. रविवारी भर दुपारी बारा वाजता, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरहून जास्त उंचीवर, त्याच उन्हात घरचा सामना होतो. साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला आणि प्रवेश हुकलेला, दोघेही स्टेडियममध्ये एकच आरोळी देतात. हा माझ्या मते क्लबचा सगळ्यात मोठा उपयोग. उनामची प्रवेश परीक्षा अतिशय अवघड आहे, बहुसंख्य मुलांना दार बंदच राहतं. पण क्लब त्यांचाही असतो. ज्या विद्यापीठात पाऊल ठेवता आलं नाही, त्याचं चिन्ह छातीभर मिरवायचा हक्क त्यांना कुणी नाकारत नाही. भाकरी सगळ्यांना पुरली नाही तरी पंगतीला बसायची जागा आहे.

म्हणून तो क्लब विकला जाईल का, सिमेंटवाला किंवा टीव्हीवाला येईल का, या प्रश्नात माझा जीव अडकतो. खेळाडू विकले तर नवे घडवता येतात, बोर्हा गेल्यावर ऊगो आला. नाव विकलं तर ग्वादालाहारासारखं होतं : परत आणता येतं, पण परत आलेलं तेच नसतं.

तर मंडळी, इतकंच. ऐकून किंवा वाचून झालं असेल तर एक करा. रविवारी रात्री साडेअकराच्या पुढे जागे असाल तर पुमासचा घरचा सामना कुठे लावता येतो का बघा, तिकडे तेव्हा दुपार असते. सामना कंटाळवाणा निघाला तर कॅमेरा बाहेरच्या भिंतीवर जायची वाट बघा. रिव्हेराने अर्धवट सोडलेलं शिल्प दिसेल. कबूतर नक्की ओळखू येईल.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.